रोपणाधारित कवळी

रोपणाधारित कवळी : जबड्याच्या हाडात रुजवलेल्या टायटॅनियमच्या इम्प्लांटवर अडकून घट्ट राहणारी कृत्रिम दातांची कवळी. साधी कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. ही कवळी इम्प्लांटला जोडलेली असल्याने बोलताना उचलली जात नाही आणि चावताना फारशी सरकत नाही. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील कवळी रुग्ण स्वतः काढू-घालू शकतो. दुसऱ्यातील कवळी स्क्रूने पक्की बसवलेली असते आणि ती फक्त दंतवैद्यच काढतो.

गरज : दात काढल्यावर त्याला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते. पुढे झीज मंदावते, पण थांबत नाही. दंतसंशोधक टॉलग्रेन यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ पाहणीत खालचा जबडा वरच्याच्या सुमारे चौपट झिजलेला आढळला. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार मिळतो. खालच्या कवळीला घोड्याच्या नालाच्या आकाराची अरुंद पट्टी तेवढी मिळते, आणि जीभ व गाल तिला सतत ढकलत असतात. त्यामुळे ‘कवळी हलते’ ही तक्रार बहुधा खालच्या कवळीचीच असते. साध्या कवळीने चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. सांगली भागातील शाळूची भाकरी, शेंगदाणे, भडंग, कच्चा कांदा हे रोजचे खाणे मग कुसकरून, भिजवून खावे लागते किंवा सुटते. मऊ, पिष्टमय पदार्थ वाढतात आणि पोषण ढासळते.

इतिहास : स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क 1952 च्या सुमारास लुंड येथे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाला इतकी पक्की चिकटली की ती निघेना. हाड आणि धातू यांच्या या थेट जोडणीला अस्थिसंयोग म्हणतात. 1965 मध्ये गॉथेनबर्ग येथे गॉस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे पहिले इम्प्लांट बसवण्यात आले. ते लार्सन यांच्या निधनापर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर स्वीकारली गेली. 2002 मध्ये मॉन्ट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सर्व दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरील कवळी हाच उपचाराचा पहिला पर्याय असावा, असे मत मांडले.

रचना : काढता येणाऱ्या कवळीसाठी खालच्या जबड्यात सुळ्यांच्या जागी, म्हणजे पुढच्या भागात डावीकडे व उजवीकडे एकेक इम्प्लांट बसवतात. हनुवटीजवळच्या या भागातील हाड सहसा चांगले टिकलेले असते, आणि ओठाला संवेदना देणारी नस तिथून मागे राहते. इम्प्लांट साधारण 10 मिमी लांब आणि 3.5 ते 4 मिमी जाड असते. त्यावर गोल डोक्याचा किंवा बसक्या टोपीचा जोड लावतात. कवळीच्या आतील बाजूस धातूची वाटी व नायलॉनची चकती असते. कवळी दाबली की ती टिचबटणासारखी बसते. काही रुग्णांत इम्प्लांट धातूच्या पट्टीने जोडून त्या पट्टीवर कवळी अडकवतात. वरच्या जबड्याचे हाड मऊ असल्याने तेथे सहसा किमान चार इम्प्लांट लागतात. त्या वेळी टाळू झाकणारा भाग कमी ठेवता येतो व जेवणाची चव अधिक खुलते. पक्क्या कवळीसाठी चार ते सहा इम्प्लांट लागतात. चार इम्प्लांटवर सगळे दात बसवण्याची पद्धत पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली.

उपचाराचा क्रम : आधी जबड्याचे त्रिमितीय छायाचित्रण, म्हणजे सीबीसीटी करून हाडाची उंची, रुंदी व नसेची जागा पाहतात. रक्तातील साखर, रक्त पातळ करणारी औषधे, हाडांसाठी घेतलेली औषधे आणि पूर्वीचे किरणोपचार यांची चौकशी करतात. दोन इम्प्लांटची शस्त्रक्रिया जागा बधिर करून होते. हाडात भोक पाडताना मिठाच्या पाण्याची धार चालू ठेवतात, कारण 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर तापलेले हाड मरते आणि तेथे इम्प्लांट रुजत नाही. त्यानंतर खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, तर वरच्या जबड्यात चार ते सहा महिने थांबतात. तोपर्यंत जुनी कवळी आतून मऊ थर देऊन वापरता येते. शेवटी माप घेऊन नवी कवळी करतात किंवा चांगली असेल तर जुन्याच कवळीत जोड बसवतात.

अडथळे : वाढलेले वय हा अडथळा नाही. आटोक्यात असलेल्या मधुमेहातही इम्प्लांट चांगले रुजतात, आटोक्याबाहेरच्या मधुमेहात मात्र जखम लवकर भरत नाही व जंतुसंसर्गाची भीती वाढते. तंबाखू, गुटखा, बिडी आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये रूढ असलेली मिसरी यांमुळे हिरडीची हानी होते, शिवाय धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेआधीच व्यसन सोडवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

सांगली-मिरज परिसर : 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून या पट्ट्यात उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय, तर तासगाव रस्त्यावर कवलापूर येथे वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तेथे खर्च सहसा कमी, पण फेऱ्या व वेळ जास्त लागतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा लांबच्या तालुक्यांतील रुग्णाने एकूण फेऱ्या आणि पुढील तपासण्या आधीच विचारून घेणे सोयीचे असते.

निगा : काढता येणारी कवळी रात्री काढून पाण्यात ठेवतात. ती मऊ ब्रशने धुवावी. दातांच्या पेस्टने ओरखडे पडतात आणि उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. इम्प्लांटभोवतीची हिरडी रोज दोनदा घासावी लागते. तेथे कीट साचले तर हिरडी सुजते, पुढे हाड झिजते आणि रुजलेले इम्प्लांटही सैल होते. सुरुवातीला हे दुखत नाही. घासताना रक्त येणे हीच बहुधा पहिली खूण असते. नायलॉनची चकती झिजणारी असून ती वेळोवेळी बदलावी लागते. ऊस सोलणे, सुपारी फोडणे अशी कामे या कवळीने करू नयेत. इम्प्लांटची कंपनी, माप व क्रमांक लिहिलेले कार्ड रुग्णाने जपून ठेवावे, कारण पुढे दुसऱ्या गावच्या दंतवैद्याला योग्य सुटा भाग त्यावरूनच मागवता येतो.

मूल्यमापन : पक्की कवळी नैसर्गिक दातांच्या अधिक जवळ जाते, पण ती खर्चीक असून तिची सफाई अवघड असते. हात थरथरणाऱ्या, नजर कमी झालेल्या वृद्धाला काढता येणारी कवळीच स्वच्छ ठेवणे शक्य होते. सर्व दात गेलेल्या व खालची कवळी न टिकणाऱ्या बहुतेक रुग्णांना दोन इम्प्लांट पुरतात. दर सहा महिन्यांनी तपासणी आणि रोजची सफाई यांवरच इम्प्लांटचे आयुष्य अवलंबून असते.