मास एअर फ्लो सेन्सर : घरगुती सफाई

मोटारीच्या इंजिनात क्षणोक्षणी किती वजनाची हवा शिरते हे मोजणारे छोटे उपकरण. एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी यांना जोडणाऱ्या नळीवर, बहुधा डब्याला लागूनच, ते बसवलेले असते. गॅरेजात त्याला ‘एअर फ्लो सेन्सर’ किंवा नुसते ‘मॅफ’ म्हणतात. त्याच्या संवेदी भागावर धूळ किंवा तेलाचा थर बसला की मोजमाप चुकू लागते. हा थर योग्य द्रावकाचा फवारा मारून घरच्या घरी काढता येतो. काम तासाभराचे आहे. मात्र हात हलका हवा.

मोजायचे असते ते हवेचे वस्तुमान, आकारमान नव्हे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरते. म्हणजे तेवढ्यासाठी इंजिन जवळजवळ ११ किलो, अर्थात ९,००० लिटरच्या घरात हवा ओढते. ही हवा थंडीत दाट असते, उन्हाळ्यात विरळ. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचलेल्या गाडीला तीच हवा समुद्रसपाटीच्या मानाने बाराएक टक्के हलकी मिळते. इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, हा फरक कळला नाही तर पेट्रोलचे माप चुकते.

बशीतल्या चहावर जितक्या जोराने फुंकर घालावी तितका तो लवकर निवतो. सेन्सरचे तत्त्व हेच. विजेने तापवलेली बारीक तार हवेच्या वाटेत असते. तिचे तापमान येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी जास्त राखले जाते. हवा जास्त आली की तार जास्त निवते आणि तापमान टिकवायला जास्त प्रवाह लागतो. त्या प्रवाहावरून हवेचे वस्तुमान काढतात. प्रवाहात ठेवलेल्या तारेची उष्णता किती जाते याचे गणित एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले. मोटारीत ते उतरायला सहा-सात दशके लागली. बॉश कंपनीच्या एल-जेट्रॉनिक प्रणालीत हवेच्या धक्क्याने उघडणारी झडप होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या एलएच-जेट्रॉनिकमध्ये तिच्या जागी प्लॅटिनमची तार आली. तिची जाडी सुमारे ०.०७ मिलिमीटर होती. गाडी बंद केल्यावर ही तार सेकंदभर १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तिच्यावरची घाण जाळून टाकण्याची सोय त्या प्रणालीतच होती. पुढे तारेऐवजी पातळ पापुद्र्याचे सेन्सर आले. त्यांच्यात ही सोय सहसा नसते. हाताने सफाई करण्याचा प्रश्न येतो तो त्यामुळेच.

काम हाती घेण्याआधी आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का ते पाहावे. भारतातील कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतो. तिथे इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि हवेचे वस्तुमान दाब, तापमान व इंजिनाचा वेग यांवरून काढले जाते. सध्याच्या डिझेल गाड्यांत मात्र मॅफ बहुधा आढळतो.

घाण येते कुठून? मुख्य वाट एअर फिल्टरची. सर्व्हिसिंगच्या वेळी जुन्याच फिल्टरला हवा मारून तो परत बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती सोडायला हवी. दाबाच्या हवेने फिल्टरच्या कागदाला सूक्ष्म भोके पडतात, आणि डोळ्यांना स्वच्छ दिसणारा तो फिल्टर पुढे धूळ गाळत नाही. ऊसवाहतुकीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला याचा फटका लवकर बसतो. दुसरी वाट तेलाची : धुऊन पुन्हा वापरायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त लावले, तर त्याचे कण सेन्सरवर जाऊन बसतात आणि धुळीला धरून ठेवतात. गरम इंजिन बंद केल्यावर क्रँककेसमधली तेलाची वाफही नळीतून मागे सरकू शकते.

थर म्हणजे तारेवरचे पांघरूण. उष्णता कमी जाते, सेन्सर हवा आहे त्याहून कमी सांगतो आणि ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. गाडी पिकअप घेत नाही, चढावर झटके देते, ॲव्हरेज घसरते, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो. डिझेल गाडीत लक्षणे थोडी वेगळी असतात. तिथे हवेच्या आकड्यावरून ईजीआर झडप, म्हणजे एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारी झडप, किती उघडायची आणि धूर होऊ नये म्हणून डिझेलला कुठे आवर घालायचा हे ठरते. त्यामुळे मळलेल्या सेन्सरची गाडी काळा धूर न सोडता नुसतीच मंद होते.

पण हीच लक्षणे इतर डझनभर बिघाडांतही दिसतात. म्हणून फवारा मारण्याआधी आकडे पाहणे हा या कामाचा खरा गाभा आहे. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला लावला की पुरते. पी ०१०१ हा कोड सेन्सरचा आकडा अपेक्षित मर्यादेत नसल्याचे सांगतो. पी ०१०२ आणि पी ०१०३ त्याचा संकेत फार कमी किंवा फार जास्त असल्याचे, आणि त्यामागे पुष्कळदा वायरिंग असते. पी ०१७१ चा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे एवढाच. त्यापुढे फ्युएल ट्रिम पाहावी, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून ईसीयूने पेट्रोलात केलेली टक्केवारीची दुरुस्ती. आयडलिंगला ट्रिम ठीक आणि गाडी दाबली की अधिककडे चढत गेली, तर संशय मॅफवर घ्यावा. आयडलिंगलाच ट्रिम खूप अधिक आणि वेग वाढला की उतरत आली, तर कुठल्यातरी होजमधून न मोजलेली हवा आत शिरते आहे. तिथे सेन्सर धुऊन काही मिळणार नाही. कमजोर फ्युएल पंप मॅफसारखीच चाल दाखवतो. म्हणून हवेचा आकडाही पाहावा : गरम इंजिन, एसी बंद आणि आयडलिंग अशा स्थितीत तो इंजिनाच्या दर लिटर क्षमतेमागे सेकंदाला ढोबळ मानाने एक ग्रॅम किंवा थोडा जास्त असतो. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल असेल तर ट्रिम त्यामुळेही काहीशी अधिककडे झुकते, कारण इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. डिझेलला ही ट्रिमची कसोटी लागू नाही.

सफाईसाठी मॅफ सेन्सर क्लीनर म्हणून मिळणारा स्प्रेच घ्यावा. तो लगेच उडून जातो, मागे काही ठेवत नाही आणि प्लॅस्टिकला इजा करत नाही. कार्ब्युरेटर किंवा ब्रेकचा क्लीनर, पेट्रोल, गंज सोडवणारे तेलकट स्प्रे यांपैकी काहीही चालत नाही. इंजिन थंड होऊ द्यावे आणि चावी काढून घ्यावी. कपलरची कुलपी दाबून तो सरळ ओढावा, वायरींना हिसका देऊ नये. सेन्सर सहसा दोन स्क्रूंवर असतो; पुष्कळदा ते चांदणीच्या आकाराचे असतात, आणि चुकीच्या स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी घासली की पुढचे सगळे अडते. सेन्सर बाहेर काढला की नळीचे तोंड स्वच्छ फडक्याने झाकावे. मग दहा-पंधरा सेंटीमीटरवरून तार किंवा पापुद्रा आणि शेजारचा हवेचे तापमान मोजणारा मणी यांवर दहा-पंधरा लहान फवारे मारावेत. कापसाची काडी, ब्रश, बोट किंवा काँप्रेसरची हवा यांपैकी कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. तार तुटते किंवा पापुद्रा चिरतो. नळीत जाळी असेल तर ती काढू नये, हवेचा प्रवाह सरळ करण्याचे काम तिचे असते. या स्प्रेमध्ये बहुधा हेक्झेनसारखे ज्वलनशील द्रावक असतात आणि त्यांची वाफ वारंवार नाकात जाणे मज्जातंतूंना घातक असते. काम उघड्यावर, विडी-सिगारेट आणि ठिणगीपासून दूर करावे.

भाग आपोआप पूर्ण सुकू द्यावा, निदान पंधरा-वीस मिनिटे. बसवताना बाणाची खूण हवेच्या वाहण्याच्या दिशेला आणि रबरी रिंग जागच्या जागी आहे ना, हे पाहावे. फिल्टर त्याच दिवशी बदलावा, नाहीतर धुतलेला सेन्सर पुन्हा त्याच धुळीत जातो. कोड स्कॅनरनेच पुसावेत. बॅटरी काढून पुसल्यास आयडलिंगची शिकलेली स्थितीही जाते. नंतर पन्नासेक किलोमीटर मिश्र रस्त्यावर गाडी चालवून ट्रिम पुन्हा पाहावी. ती शून्याकडे आली तर दोष घाणीचाच होता. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर घेण्याआधी सेन्सर ते थ्रॉटल बॉडी हा रबरी होज हाताने वाकवून त्याच्या घड्यांत चीर आहे का ते बघावे, कारण तिथून शिरणारी हवा सेन्सरला दिसतच नाही.