स्मरणशक्तीची चाचणी आणि आपल्या घरातील ज्येष्ठ

घरातील ज्येष्ठांचा विसरभोळेपणा वाढला की डॉक्टर औषधाआधी एक छोटी चाचणी घेतात. आजची तारीख, ठिकाण, वजाबाकी, तीन शब्द लक्षात ठेवणे, आकृती काढणे, असे प्रश्न त्यात असतात. सर्वात परिचित चाचणी ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. तिचे एकूण गुण ३०.

अडचण कुठे येते?
या चाचणीत शंभरातून सात-सात वजा करायचे असतात, एक वाक्य वाचायचे व एक लिहायचे असते. शाळेत न गेलेल्या आजीचे गुण इथे आजाराने नव्हे, शिक्षणाअभावी कमी होतात. बँकेत अंगठा लावणारे कित्येक शेतकरी व्याजाचा हिशेब तोंडी करतात. पण कागदावर पंचकोन काढा म्हटले तर अडतात.

भारतात काय बदल झाले?
हरियाणातील बल्लभगड येथील ग्रामीण ज्येष्ठांसाठी संशोधकांनी हिंदी चाचणी तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात नुसते भाषांतर नाही. शंभरातून सात ऐवजी वीसमधून तीन वजा करायचे, लेखी वाक्याऐवजी आपल्या घराबद्दल तोंडी सांगायचे, वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा करतो तसे करायचे. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही अनेक भारतीय भाषांमध्ये चाचण्यांचा संच विकसित केला. कॅनडातील ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’ (२००५) ही चाचणी मराठीतही आहे.

पांढुर्णा-सौंसरमध्ये लक्षात ठेवण्यासारखे
आपल्याकडे घरात मराठी, तर कार्यालय आणि दवाखान्यात बहुधा हिंदी. उपचाराला पुष्कळजण नागपूरला जातात. ज्येष्ठ व्यक्ती कोणत्या भाषेत विचार करते, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. शब्द आठवण्याचे प्रश्न शक्यतो त्याच भाषेत विचारले जावेत.

जिल्हा विचारल्यावर आजोबा ‘छिंदवाडा’ म्हणाले, तर तेवढ्यावरून स्मृती गेली असे ठरत नाही. पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला; त्याआधी आयुष्यभर त्यांचा जिल्हा छिंदवाडाच होता. इंग्रजी तारीख न सांगता कोणी ‘काल पोळा झाला, आज गोटमार’ असे अचूक सांगितले, तर त्यांना दिवसाचे भान आहे. हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

कुटुंबाने काय करावे?
१. शिक्षण किती, कोणत्या माध्यमात आणि व्यवसाय कोणता, हे लिहून न्यावे.
२. चष्मा व श्रवणयंत्र सोबत ठेवावे. ऐकू न आल्यानेही उत्तर चुकते.
३. चाचणी चालू असताना उत्तर सुचवू नये.
४. रोजच्या व्यवहारातील बदल सांगावेत: ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशाचा घोळ, गॅस चालू राहणे, तेच तेच विचारणे.

याची दुसरी बाजूही आहे. उच्चशिक्षित व्यक्ती आजाराच्या सुरुवातीला चांगले गुण मिळवू शकते. म्हणून गुण भरपूर मिळाले तरी घरच्यांना दिसणारा बदल दुर्लक्षू नये. तसेच ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून तपासणी टाळू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा त्रास किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. चाचणी हे निदान नव्हे, तपासणीची सुरुवात आहे. गुण किती हे विचारताना चाचणी कोणत्या भाषेत झाली, हेही अवश्य विचारावे.