फॉर्मची फट

वेबसाइटवरचा फॉर्म म्हणजे परक्या माणसाला लिहायला मोकळी ठेवलेली जागा. बाकीची पाने वाचकाला काही दाखवतात, फॉर्म मात्र त्याच्याकडून घेतो: नाव, फोन नंबर, चौकशी, एखादी फाइल. जे येईल ते सर्व्हरला स्वीकारावेच लागते. त्यामुळे फॉर्मच्या सुरक्षेचा इतिहास बहुतांशी एकाच चुकीचा आहे. ती चूक म्हणजे आलेला मजकूर न तपासता खरा मानणे.

पहिली ठळक उदाहरणे १९९०च्या दशकातली. एनसीएसए आणि अपाची या सर्व्हरांबरोबर ‘पीएचएफ’ नावाची फोनबुकची स्क्रिप्ट नमुना म्हणून येत असे. तिच्या रकान्यात नव्या ओळीचे चिन्ह घुसवले, की त्यापुढचा मजकूर सर्व्हर हुकूम समजून पाळी. पासवर्डची फाइलसुद्धा अशी बाहेर काढता येई. मार्च १९९६मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने तिच्याविषयी इशारा दिला. मॅट राइटने १९९५मध्ये फुकट उपलब्ध केलेल्या ‘फॉर्ममेल’ची गत वेगळी नव्हती. भरलेला फॉर्म ईमेलने मालकाकडे पोचवणे एवढेच तिचे काम. पण ईमेल कोणाला जायचा तो पत्ता फॉर्ममधल्याच एका लपलेल्या रकान्यात असे. तो बदलून स्पॅमवाल्यांनी लोकांच्या सर्व्हरवरून ढीगभर जाहिराती पाठवल्या.

मे २००४मध्ये वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या १.२ आवृत्तीत प्लगिनची, म्हणजे वरून जोडायच्या तयार भागांची, सोय आली आणि फॉर्मचे काम सोपे झाले. जपानच्या ताकायुकी मियोशी यांचा ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हा प्लगिन २००७चा. एखाद्या लहान गावातल्या शाळेला किंवा पतसंस्थेला आज वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म हवा असेल, तर तो मुद्दाम लिहून घ्यावा लागत नाही. तयार प्लगिन जोडला की झाले. या सोयीची दुसरी बाजू अशी, की एका प्लगिनमधली फट एकाच वेळी लाखो वेबसाइटींची फट ठरते.

डिसेंबर २०२०मध्ये याचा प्रत्यय आला. पन्नास लाखांहून अधिक वेबसाइटींवर असलेल्या ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’मध्ये फाइलच्या नावाची तपासणी अपुरी आढळली. नावात दोन एक्स्टेन्शन आणि त्यांच्यामध्ये टॅबसारखे न दिसणारे चिन्ह टाकले, की वरून फोटो वाटणारी फाइल आत प्रोग्राम म्हणून उतरण्याची वाट मोकळी होई. १७ डिसेंबरला ५.३.२ आवृत्तीत ती बुजवली गेली. जून २०२२मध्ये ‘निन्जा फॉर्म्स’मधल्या त्रुटीची दुरुस्ती तर मालकांची वाट न पाहता परस्पर वेबसाइटींवर उतरवण्यात आली. २०२४ साली ‘डब्ल्यूपीफॉर्म्स’मध्ये वेगळी उणीव निघाली: विनंती कुठून आली एवढेच पाहिले जाई, ती करणाऱ्याला तसा अधिकार आहे का हे नाही. त्यामुळे साध्या सदस्यालाही ग्राहकांचे पैसे परत पाठवता येत.

महाराष्ट्रातले उदाहरण २०२५चे आहे. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीच्या ‘शुअरफॉर्म्स’ या प्लगिनमधली एक त्रुटी जुलैमध्ये जाहीर झाली. तेव्हा तो दोन लाखांवर वेबसाइटींवर होता. भरून आलेला फॉर्म पुसताना त्याला जोडलेली फाइलही पुसली जाई, पण ती फाइल खरोखर जोडलेलीच आहे का, याची पुरेशी तपासणी नव्हती. हल्लेखोराने फाइलच्या जागी वर्डप्रेसच्या मुख्य कॉन्फिग फाइलचा मार्ग लिहून फॉर्म पाठवायचा. वेबसाइट सांभाळणारा तो कचरा समजून पुसणार आणि त्याबरोबर कॉन्फिग फाइलही जाणार. मग वेबसाइट नव्याने मांडणी मागते, आणि हल्लेखोर तिला स्वतःचा डेटाबेस जोडून ताबा घेऊ शकतो. म्हणजे घर झाडणाऱ्याच्या हातूनच घराची किल्ली केराबरोबर बाहेर पडते. १.७.४ आवृत्तीत ही त्रुटी दुरुस्त झाली.

सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी, असा आदेश भारताच्या सर्ट-इनने एप्रिल २०२२मध्ये काढला. ती कळण्यासाठी मात्र वेबसाइटकडे कोणाचे तरी लक्ष हवे. बनवणारा पैसे घेऊन गेला आणि पासवर्ड कोणाकडे आहे हेही संस्थेला आठवत नाही, अशा वेबसाइटवर जुना प्लगिन वर्षानुवर्षे तसाच राहतो. दुरुस्ती निघालेली असते. ती बसवायला तिथे कोणी नसते.