सुई ओवायला कुणीतरी

डोकं वाकवून आत या. वाड्याची दिंडी ठेंगणी आहे, आणि कपाळ आपटलं तर हळद लावत बसायला इथे आज कुणाला वेळ नाही. चौकातल्या दोरीवर एकाच छापाचे सात कपडे वाळताहेत : दोन झगे, तीन सदरे, एक परकर आणि एक बाजाराची पिशवी. निळ्यावर पांढरी फुलं. कुणीतरी एकदाच तागा आणला आणि तो संपेपर्यंत शिवत राहिलं, हे तुम्हाला न सांगता कळतं.

पहिल्याच खोलीत भिंतीवर कालनिर्णय आहे. हे प्रकरण अजून नवं आहे, निघायला लागून दुसरंच वर्ष. पान मे १९७४ चं. आज शनिवार, १८ तारीख. सकाळचे साडेआठ.

तुम्ही कोण, कुठल्या, अंगात हे काय घातलंय, असं कुणी विचारील म्हणून तुम्ही उत्तर जुळवून आणलंय. ते वाया जातं. जमिनीवर पसरलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोधडीच्या काठाशी एक आजी बसली आहे. ती मान वर करते, जाड भिंगांतून तुमच्याकडे बघते आणि एवढंच विचारते,

"तुला जवळचं दिसतं का गं?"

"हो."

"मग ही ओव."

गोधडीची सुई हाताच्या बोटाएवढी लांब असते, पण नेढं काही तेवढं मोठं नसतं. दोरा जाड आहे, त्याचं टोक पिंजलंय. तुम्ही ते ओठांत धरून ओलं करता, पिळता, तिसऱ्या खेपेला जमतं. झालं, आता तुम्ही या घरच्या. इथे यापलीकडे ओळख लागत नाही. ८ तारखेपासून रेल्वेचा संप चालू आहे, १७ लाख कामगार बाहेर पडलेत, आणि चार दिवसांसाठी मुंबईहून आलेली नात, बेबी, इथेच अडकली आहे. सगळं घर हळहळतंय. आजीचं मत वेगळं आहे : संप झाला म्हणून सुई ओवायला घरात दोन डोळे जास्त आले. आता तुमचे धरून चार.

बसा तिच्या समोर, पलीकडच्या काठाला. मांडी घाला. गोधडी सरकू नये म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा आहे, एकावर खलबत्ता, एकावर पितळी डबा. नऊवारी लुगड्याचे सारखे चार तुकडे होतात, त्यातले दोन शेजारी शेजारी जोडले की गोधडीची एक बाजू झाली. वरची बाजू आजीच्या स्वतःच्या इरकलीची, काठ अजून लाल. खालची बाजू तिच्या सासूबाईंच्या चंद्रकळेची. काळा रंग धुऊन धुऊन वांग्याच्या देठाकडे झुकलाय, पण त्यावरचे ठिपके अजून मोजता येतात. मध्ये आजोबांची धोतरं आणि एक विरलेली चादर. कापड जितकं विरलेलं तितकं बरं, म्हणते आजी, नवं कापड अंगाला टोचतं आणि सुईलाही. कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी. नाव कुठलंही असो, काम काठाकडून सुरू होतं आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत जातं, चौकोनात चौकोन.

टाका धावदोऱ्याचा. सुई खाली, वर, खाली, वर. चार टाके सुईवर भरायचे आणि मग एकदम ओढायचं. सोपं दिसतं. तुमचा पहिला घास जोरात ओढला जातो आणि कापडाला चुणी पडते. दुसरा सैल राहतो. आजी काही बोलत नाही. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळेचं अंगुस्तान आहे, बारीक खळग्याखळग्यांचं, आणि त्याच्या जोरावर ती पाच पदर असे टोचत जाते की जणू मऊ भात आहे. मोतीबिंदू पिकलाय, तरी टाका तांदळाएवढा पडतोय. बोटांना दिसतं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण खरं कारण साधं आहे. ती डाव्या अंगठ्याच्या नखाने आधीची ओळ चाचपत पुढे जाते. नखाची रुंदी हेच तिचं माप.

एका जागी ती थांबते. नख मागे नेते, पुन्हा पुढे आणते.

"हे कुणी घातलेत?"

"मी. काल रात्री," आतून काकूंचा आवाज.

आजी सुईच्या टोकाने वीतभर ओळ उसवते. तुम्ही वाकून बघता, तर टाके चांगले होते. सरळ होते. पुढच्या दोन ओळी पडल्यावर कुणाला दिसलेही नसते. या गोधडीवर पुढची वीस वर्षं मुलं झोपणार, एखादं ओलंही करणार, आणि ही बाई टाका केसभर मोठा पडला म्हणून उसवत बसली आहे. आतापर्यंत तुम्हाला वाटत होतं की हे सगळं गरजेपोटी चाललंय. गरज असती तर टाके राहिले असते.

काकू पायमशीनवर आहेत, खिडकीशी, उजेडाला. काळं उषा मशीन, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, हातचाकाजवळची सोन्याची वेल मात्र हात लागून लागून पुसली गेलीय. कलकत्त्याच्या कारखान्यातून निघून ते हप्त्यांवर या खोलीत आलं आणि मग कधी बंद राहिलं नाही. जमिनीवर बेबीचा झगा बेतायला घेतलाय. आधी ब्राउन पेपरवर, मग कापडावर. काकू खडूने रेघ मारतात आणि रेघेच्या बाहेर कात्री धरतात.

"दोन बोटं माया सोडायची," त्या तुम्हाला सांगतात, कारण तुम्ही बघताय. "पोरगी वाढती आहे."

शिवणीच्या आत दडवलेल्या जादा कापडाला माया म्हणावं हे ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याला शिवणापेक्षा घर जास्त कळत असणार. बेबीच्या अंगावर आत्ता आहे तो झगा बघा. खालची दुमड दोनदा सोडलेली आहे. जिथे दुमड होती तिथे कापड ऊन न लागल्यामुळे गडद राहिलंय, घेराला आडवे दोन पट्टे. झाडाच्या खोडात वर्षं मोजतात तशी ही पोर मोजता येते : गेल्या मे महिन्यात इथपर्यंत, या मे महिन्यात इथपर्यंत.

काकूंना विचारून बघा, शिवणाची आवड पहिल्यापासूनच का? त्या मशीन न थांबवता हसतात.

"आवड कसली! सात जणांचे कपडे शिंप्याकडे टाकायचे म्हटलं तर पगार तिकडेच जाईल."

बोलता बोलता त्यांनी झग्याच्या खिशाला कंगोरे घातले. नाजूक, पाच, सारखे. खिसा तसा सरळही चालला असता, शिंप्यानेही सरळच दिला असता. या घरात 'छंद' हा शब्द पुरुषांसाठी राखीव आहे : आजोबांना पेटीचा छंद, धाकट्या काकांना पोस्टाच्या तिकिटांचा. बायकांचं ते 'काम'. काम म्हटलं की दुपारचे दोन तास कुणी हटकत नाही, हेही खरं. आपण आता क्लास लावतो, रंगीत कापडाचे कापलेले चौकोन पाकिटातून मागवतो आणि उजळ माथ्याने छंद म्हणतो. ते चांगलंच आहे. निदान लपवावं लागत नाही. आणि या खोलीतलं सगळं गोड मानायचं कारण नाही. काकूंची पाठ रात्री धरते. आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन 'पुढच्या वर्षी बघू' आहे.

नऊच्या सुमाराला बाहेर गलका होतो. रेडिओवर सांगितलं म्हणे : सकाळी राजस्थानात, पोखरणला, भारताने जमिनीखाली अणुस्फोट केला. आजोबा चष्मा शोधतात, मुलं चौकात आरोळ्या ठोकतात. आजी दोरा दाताने तोडते.

"जमिनीखाली? मग वर कुणाला काय दिसणार," ती म्हणते. "डालडा बाहेर काढलात का? भट्टीची वेळ होईल."

आज नानकटाईचा दिवस आहे. मे महिन्यात पेठेतल्या घराघरांतून हा दिवस येतो. सामान आपलं, मेहनत आपली, भट्टी बेकरीवाल्याची. रेशनची साखर दोन महिने चहात कमी घालून वाचवली आहे. डालड्यासाठी रांग लावून झाली आहे. महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी मुंबईत बायकांचे लाटणं मोर्चे काढले ते याच दिवसांतले. तेल-साखरेचं नाव काढलं की काकूही लाटणं हातात असल्यासारख्या बोलतात. पिवळ्या डब्यातला डालडा मोठ्या परातीत पडतो, त्यावर तेवढीच पिठीसाखर. आणि आता तुमची पाळी.

"फेस," आजी म्हणते.

तळहाताने, एकाच दिशेने. पहिली पाच मिनिटं डालडा नुसता हाताला चिकटतो, साखर कचकचते. दहा मिनिटांनी खांदा भरून येतो. हाताच्या उबेने तूप सैलावतं, साखर त्यात हवा ओढून घेते आणि परातीतला पिवळसर गोळा हळूहळू पांढरा, मग आणखी पांढरा, मग आवाज न करणारा होतो. कचकच थांबली हे कानाला आधी कळतं. "झालं," तुम्ही म्हणता. आजी वाटीत पाणी मागवते, गोळ्यातला हरभऱ्याएवढा कण त्यात सोडते. तो बुडतो.

"फेस."

आणखी पंधरा मिनिटांनी कण तरंगतो. सगळी पोरं वाटीभोवती जमून बघतात; पोखरणपेक्षा हा प्रयोग त्यांना जवळून बघायला मिळतो. मग मैदा, साखरेच्या दुप्पट. मूठभर रवा, चिमूट सोडा, वेलदोडा, जायफळ. आता मळायचं नाही, फक्त गोळा करायचा. मळलं की नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते. लिंबाएवढे गोळे, किंचित चपटे. चारोळी आहे ती मोजकीच, म्हणून ती पाहुण्यांच्या नानकटायांवर.

बाकीच्यांवर आजी बोटातलं अंगुस्तान काढून, धुऊन, शिक्क्यासारखं दाबते. मधोमध बारीक ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. भट्टीवर आज दहा घरांचे पत्रे येणार, आणि अदलाबदल झाली तर भांडण कुणी करायचं? हा आमचा शिक्का. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या घरचे पत्रे आमच्याकडे आले होते. वाईट होत्या, आजी सांगते, कमी फेसलेल्या.

वाड्यात भाजण्याच्या इतरही तऱ्हा आहेत. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आलाय, झाकणाला काचेची खिडकी असलेला, आणि त्यात होणाऱ्या केकमध्ये अंडं असतं की नसतं यावर कुणी खोलात शिरत नाही. रत्नागिरीच्या मामी त्या ओव्हनला हसतात. त्या काकडीचं धोंडस पातेल्यात करतात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. त्यांच्या आजीने कधी बेकरी पाहिली नव्हती.

पत्रे डोक्यावर घेऊन तुम्ही आणि बेबी निघता. बोळाच्या टोकाला भट्टी. पहाटेचे पाव कधीच निघून गेलेत, लाकडं विझलीत, पण विटांच्या भिंतीत उष्णता मुरून आहे. पावाला लागते ती धग नानकटाईला नको, ती उतरल्यावरची हवी, म्हणून बायकांना ही वेळ. भट्टीवाला चिमूटभर मैदा आत फेकतो, तो कसा तांबूस होतो ते बघतो, मान हलवतो, आणखी थोडं थांबा. मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावर पत्रे एकेक करून काळोखात जातात. पुढची वीस मिनिटं दहा घरच्या बायका आणि पोरं एकाच वासात उभी असतात. कुणी अणुस्फोटाबद्दल बोलतं, कुणी संपाबद्दल, बहुतेक जणी साखरेबद्दल.

पत्रे बाहेर येतात. गोळे पसरलेत, कडांना भेगा पडल्यात, आणि मधोमध ठिपक्यांचं वर्तुळ थोडं रुंदावलंय, पण आहे. बेबी एक उचलते, भाजते, फुंकते, तोंडात टाकते. तुम्हीही. गरम असताना नानकटाई मऊच लागते; ती खुसखुशीत होते गार झाल्यावर. हे माहीत असूनही गार होईपर्यंत कुणी थांबत नाही. सुरतच्या जुन्या बेकऱ्या तिच्यावर हक्क सांगतात. सांगोत.

दिंडीशी डोकं वाकवायचं या वेळी तुमच्या लक्षात राहतं. खोलीत मशीन थांबलंय, काकू परात हातातल्या बोळ्याने चकचकीत पुसताहेत, आजी तिच्या जागी. तुम्ही डबा ठेवता. ती एक नानकटाई घेते, शिक्का अंगठ्याने चाचपते, मोडते, अर्धी खाते, अर्धी बेबीला देते.

"बरी आहे," म्हणते.

मग तुम्ही गोधडीच्या आपल्या बाजूला बसता आणि बघता तर सकाळी तुम्ही घातलेली ओळ नाही. कापड सपाट केलेलं आहे. वाकून पाहिलं तर लुगड्याच्या लाल काठावर बारीक भोकांची एक वाकडीतिकडी रांग तेवढी दिसते, चुणी पडली तिथे जवळजवळ, सैल पडली तिथे लांब लांब. उसवलेला दोरा वाया गेलेला नाही. तो काड्यापेटीच्या काडीवर नीट गुंडाळून ठेवलाय.

आजी काडी आणि सुई तुमच्या हातात देते.

"ओव," ती म्हणते. "उजेड आहे तोवर."