भुतांचे माहेर मराठी, सासर हिंदी

घोडबंदर रोडला लागून, मानपाड्याजवळच्या हिरानंदानी मेडोजमध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. घाणेकर म्हटले की 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण रहस्यपट आणि भयपट आवडीने पाहणाऱ्या माझ्यासारख्या प्रेक्षकाला हे नाव आणखी एका कारणासाठी जवळचे वाटते. मराठी पडद्यावर गूढाची जी मोजकी घराणेदार उदाहरणे आहेत, त्यांपैकी दोन, म्हणजे 'पाठलाग' (१९६४) आणि 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६), या दोन्हींत घाणेकर नायक आहेत. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातला आजचा तरुण प्रेक्षक मल्टिप्लेक्समध्ये जे भयपट पाहतो, त्यांची वंशावळ शोधत मागे गेलो तर आपण याच नावापाशी येऊन थांबतो. आणि तिथेच एका जुन्या व्यवहाराचाही उगम सापडतो. भीतीची कल्पना मराठीत जन्मते, मराठीतच वाढते आणि नाव मात्र हिंदीत कमावते. हा व्यवहार साठ वर्षे चालू आहे. त्यात आपण काय मिळवले आणि काय घालवले, याचा हा थोडा हिशेब.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर आधारलेला होता. पत्नीचा मृत्यू डोळ्यांदेखत झाला आहे अशी खात्री असलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक आरोपी स्त्री उभी राहते आणि 'मीच तुझी बायको' असे सांगू लागते. यात भूत कुठेच नाही. तरीही अंगावर काटा येतो, कारण ज्या माणसाला आपण सर्वांत जवळून ओळखतो त्याची ओळखच संशयास्पद ठरावी, ही भीती भुताहून खोल आहे. दोनच वर्षांनी, १९६६ साली, राज खोसला यांनी यावरून 'मेरा साया' केला. नायक वकीलच राहिला, पण तो ठाकूर झाला. कथा उदयपूरच्या महालांत गेली. मदनमोहन यांचे संगीत आले, साधनाची दुहेरी भूमिका आली आणि बरेलीच्या बाजारातला झुमका घराघरांत पोहोचला. 'मेरा साया' चांगला चित्रपट आहे, याबद्दल वाद नाही. पण मध्यमवर्गीय मराठी घरातल्या त्या संशयाला जी घुसमट होती, ती महालाच्या उंच छताखाली विरून गेली. आज 'मेरा साया' ठाऊक असलेल्या किती जणांना 'पाठलाग' ठाऊक आहे, हे विचारून पाहावे. उत्तर फारसे सुखावह येणार नाही.

'हा खेळ सावल्यांचा'ची गोष्ट वेगळी. वसंत जोगळेकरांच्या या चित्रपटात वाडा आहे, रात्र आहे, भुताची दंतकथा आहे आणि आशा काळे यांचा भ्यालेला चेहरा आहे. शेवटी मात्र सावल्यांमागे माणसेच निघतात. मराठी पडद्याची ही जुनी खोड मला नेहमीच विचार करायला लावते. भुताचे कोडे अखेरीस सोडवून दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नसे. सुधारकांच्या परंपरेत वाढलेल्या शहरी मध्यमवर्गाला भूत हवे तर होते, पण त्याला मानणे लाजिरवाणे वाटे. मग पडद्यावर दोन तास घाबरायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांत शहाणे व्हायचे, अशी तडजोड झाली.

ही तडजोड छापील पानावर नव्हती, हे विशेष. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी मराठी वाचकाला कोणतीही सारवासारव न करता घाबरवले. धारपांच्या कथेतला अमानुष शेवटीही अमानुषच राहतो. त्याला हरवायला 'समर्थ' येतील, पण 'ते सगळे खोटे होते' असे सांगायला कोणी येत नाही. मतकरींच्या गूढकथेत तर भुताची गरजही अनेकदा नसते. माणसाच्या मनातला एखादा काळा कोपराच पुरतो. वाचनालयांतून हातोहात फिरून कव्हरे गळालेली ही पुस्तके ठाण्या-डोंबिवलीच्या दोन पिढ्यांनी रात्री दिवा न मालवता वाचली. समीक्षेने मात्र त्यांना फारशी दाद दिली नाही. 'रंजनप्रधान' असा शिक्का मारला की काम भागत असे. ज्या साहित्याला त्याच्याच भाषेत प्रतिष्ठा नाही, त्यावर पैसे लावायला निर्माता कुठून येणार?

पडद्यावर त्यामुळे दुसरी पळवाट निघाली, ती हसण्याची. 'एक डाव भुताचा' (१९८२) घ्या, महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' (१९९३) घ्या किंवा त्यांचाच 'पछाडलेला' (२००४). यांतले भूत घाबरवते कमी आणि हसवते जास्त. 'झपाटलेला'ची कल्पना अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वरून (१९८८) सुचलेली, हे उघड आहे. पण रामदास पाध्ये यांनी हलवलेला आणि बोलवलेला तात्या विंचू हा अस्सल इथला आहे. त्याचा गावरान उर्मटपणा, दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला मूळ गुंड आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भाबडा घाबरटपणा यांमुळे तो बाहुला मराठी मुलांच्या स्वप्नांत शिरला. तोही पुढे हिंदीत डब होऊन 'खिलौना बना खलनायक' या नावाने फिरला. विनोदी भयपटांना मी कमी लेखत नाही. पण सलग वीस-पंचवीस वर्षे भुताला फक्त हसायचेच ठरवले, तर घाबरवण्याचे कसब हातातून निसटते. मराठीत तसेच झाले.

ते कसब परत आले ते विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'मुळे (२०१७). कर्जबाजारी नवरा, गर्भवती बायको आणि चहूबाजूंनी उसाने वेढलेले एक घर, एवढ्या सामग्रीवर हा चित्रपट उभा आहे. उसाच्या शेतात दिशा कळत नाही आणि दोन हातांपलीकडचे दिसत नाही, हे महाराष्ट्रात वेगळे सांगावे लागत नाही. त्या शेतात लपलेली भीती ही पोटातच मारलेल्या मुलींची आहे, हे कळते तेव्हा भूत खरे की खोटे हा प्रश्नच गैरलागू होतो. उषा नाईक यांची तुळसाबाई हे अलीकडच्या मराठी पडद्यावरचे सर्वांत भयंकर पात्र आहे, आणि ती भूत नाही. थोडा लांबलेला उत्तरार्ध सोडला, तर मी या चित्रपटाला फारसे नाव ठेवणार नाही. २०२१ साली फुरिया यांनीच त्यावरून हिंदीत 'छोरी' केला आणि देशभर चर्चा झाली ती 'छोरी'ची. पुढे २०२५ मध्ये 'छोरी २'ही आला. ऊस कायम राहिला. तुळसाबाईची बोली मात्र गेली, आणि तिच्या गोड बोलण्यातच तिचे विष होते.

'तुंबाड' (२०१८) हा या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा. राही अनिल बर्वे यांनी धारपांची एक कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली, आणि तिथून पंचवीस वर्षांनी चित्रपट पडद्यावर आला. धारपांची 'आजी' ही कथा स्वतः स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून सुचलेली, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे परिचित झालेले. म्हणजे अमेरिकेतली आजी मराठी वाड्यात आली, तिथे मुरली आणि मग हिंदी बोलू लागली. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत पसरलेली लोभाची ही कहाणी, तो न थांबणारा पाऊस, कणकेच्या बाहुल्या, वाड्याखालचे गर्भागार — भारतीय भयपटात इतके सघन दृश्यजग मी दुसरे पाहिलेले नाही. व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा तो उद्घाटनाचा चित्रपट होता. पहिल्या प्रदर्शनात त्याला बेताचेच यश मिळाले; सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला. हे सारे मान्य करूनही एक खंत उरते. कोकणातल्या ब्राह्मण घरातली विधवा आई आपल्या मुलाला हिंदीत दटावते, तेव्हा कानाला काहीतरी खटकते. डोळ्यांसमोर तुंबाड असते आणि कानावर मात्र दुसराच कुठला प्रदेश पडत असतो.

आता आपल्या दाराशी येऊ. आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२०२२) हा मराठीतला पहिला झोंबीपट, आणि त्याची भूमी चक्क डोंबिवली. नव्या टोलेजंग संकुलात राहायला आलेले सुशिक्षित जोडपे, कुंपणापलीकडची वस्ती आणि दोघांमध्ये पाण्याचा प्रश्न, ही मांडणी या पट्ट्यात कोणालाही समजावून द्यावी लागत नाही. घोडबंदर रोडवरची संकुलेही अशीच उभी आहेत: जाहिरातीत जलतरण तलाव आणि फाटकाशी टँकर. झोंबी म्हणजे परदेशी आयात, पण पाण्यावरून माणसे एकमेकांच्या अंगावर धावतात हे आपले देशी वास्तव. पूर्वार्धात हे दोन धागे छान जुळतात. पुढे पाठलाग आणि विनोद यांच्या गर्दीत वस्तीची बाजू मागे पडते, हा त्याचा दोष. तरीही हा चित्रपट मराठीत झाला आणि मराठीतच राहिला, याचे मला अप्रूप आहे. करोनाच्या निर्बंधांमुळे निम्म्याच आसनांना परवानगी असताना तो लागला, हे त्याचे दुर्दैव.

त्याच सरपोतदारांनी २०२४ साली 'मुंज्या' केला. विषय कोकणातला, दिग्दर्शक मराठी, आजीच्या भूमिकेत सुहास जोशी, आणि भाषा हिंदी. त्याने शंभर कोटींहून अधिक गल्ला जमवला. संगणकावर घडवलेले त्यातले खोडकर, हट्टी पोर पाहताना आणखी एक गोष्ट मनात येते. निर्जीवाला हलवून दाखवण्याची कला इथे नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ सालीच 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या आणि १९३४ साली प्रभातने 'जंबुकाका' हा व्यंगचित्रपट केला होता. इतक्या लवकर सुरुवात करूनही मराठीत सचेतपटाची परंपरा उभी राहिली नाही. 'प्रभो शिवाजी राजा'सारखे (२०१८) प्रयत्न एकेकटेच राहिले. आज मराठी मुंजाला पडद्यावर जिवंत करायचे तर हिंदीच्या बाजारपेठेचे पाठबळ लागते.

यावर एक रास्त आक्षेप येईल: बिघडले कुठे? दिग्दर्शकाला मोठे भांडवल मिळते, कथेला देशभर प्रेक्षक मिळतो, आणि शेवटी कला भाषेच्या कुंपणात का अडकावी? हा युक्तिवाद मी नाकारत नाही. 'तुंबाड' मराठी भांडवलावर तसा झालाच नसता. मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली राज्य सरकारला नियम करावा लागला, यातच सारे आले.

पण भीती ही भाषेत राहते. मराठीत नुसते 'भूत' नसते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो गेला तो मुंजा; इच्छा अडकून राहिलेला तो समंध; पाण्याकाठी आसरा आणि गिऱ्हा; पिंपळावर हडळ; रात्री तीच वाट पुन्हा पुन्हा चालायला लावतो तो चकवा; आणि कोकणात गावाची राखण करणारा देवचार, ज्याची भीती वाटते आणि आधारही वाटतो. यांतल्या प्रत्येकाला जागा आहे, कारण आहे, नियम आहे. कोण कशाने मेला आणि समाजाने त्याचे काय देणे बुडवले, याची ती नोंदवही आहे. 'मुंज्या' नावासकट हिंदीत गेला, हे चांगलेच झाले. परंतु देशभराच्या प्रेक्षकाला कळावे म्हणून बाकीचे सगळे 'भूत' आणि 'चुडैल' या दोन खणांत कोंबले गेले, तर नोंदवहीची पाने फाटतील.

घोडबंदर हे नाव घोड्यांच्या व्यापारावरून पडले असे सांगतात: घोडी इथे उतरत आणि दुसऱ्यांच्या पागांत जात. मराठी भयकथेचे तसेच बंदर झाले आहे. बंदर चालू राहावे, माल बाहेर जावा, त्याला माझी हरकत नाही. पण एखादे घोडे आपल्याही पागेत राहायला हवे. धारप-मतकरींच्या शेकडो कथा अजून पडद्याची वाट पाहत आहेत. रात्री दोन वाजता गायमुखच्या वळणावर त्याच दिव्याच्या खांबाखालून तिसऱ्यांदा जाणाऱ्या रिक्षातल्या माणसाला काय झाले आहे, हे सांगायला मराठीत एकच शब्द पुरतो. त्या शब्दावर कोणी मराठीत चित्रपट काढला, तर पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाचे तिकीट मी काढीन.