पहाटेची होळी आणि कॅथलिक कुटुंब : काठी येथील आदिवासी उत्सवाची ओळख

सातारा व सांगली जिल्ह्यांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांत मराठवाड्यातील कुटुंबांबरोबर नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील भिल्ल आणि पावरा कुटुंबेही असतात. फाल्गुन लागला की या मंडळींचे चित्त फडात राहत नाही. मुकादमाची उचल फिटलेली असो वा नसो, होळीला गावी पोहोचायचेच, असा त्यांचा निर्धार असतो. अशा ओळखीतून एखाद्या कॅथलिक कुटुंबाला ‘आमची होळी पाहायला या’ असे निमंत्रण मिळाले, तर जावे की न जावे, गेल्यास कोठवर सहभागी व्हावे, असे प्रश्न उभे राहतात. त्यांचा विचार या लेखात केला आहे.

सातपुड्यातील होळ्यांमध्ये काठीची ‘राजवाडी होळी’ सर्वांत प्रसिद्ध आहे. काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील, मोलगी परिसरातील गाव. येथे पूर्वी भिल्ल संस्थान होते. स्थानिक परंपरा या होळीचा आरंभ इ. स. १२४६ पर्यंत मागे नेते. आपल्याकडे होळी पौर्णिमेच्या संध्याकाळी पेटते. काठीत मात्र लोक रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडण्याच्या सुमारास. डोंगराडोंगरांतून पायी आलेले हजारो स्त्रीपुरुष त्या क्षणासाठी जागे असतात. होळीचा दांडा म्हणजे सुमारे सत्तर फूट उंचीचा बांबू. तो गुजरात हद्दीतील जंगलातून विधिपूर्वक आणला जातो आणि अनेकांच्या हातांनी उभा केला जातो.

उत्सवाचा गाभा मात्र नृत्यात नसून व्रतात आहे, ही गोष्ट पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नवस केलेले पुरुष होळीपूर्वी काही दिवस व्रतस्थ राहतात. ते जमिनीवर झोपतात, खाटेवर बसत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात आणि आहाराचे नियम सांभाळतात. त्यांच्यातील ‘बुध्या’ अंगावर राखेची व पिठाची नक्षी काढतात, कमरेला घुंगरू व वाळलेले भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात. ढोल आणि पावरीच्या सुरावर त्यांचे रिंगण फिरत राहते. छायाचित्रांत दिसतो तो हा वेष. त्यामागचा उपवास छायाचित्रात येत नाही. कुलाचे कल्याण, पिकाची बरकत, आजारातून उठलेल्या मुलाबद्दलची कृतज्ञता अशी कारणे या नवसांमागे असतात.

होळीपूर्वीच्या आठवड्यात ठिकठिकाणी ‘भोंगऱ्या’ बाजार भरतात. सणाची खरेदी व गाठीभेटी यांचे हे बाजार. ते तरुण-तरुणींनी पळून जाण्याचे बाजार आहेत, अशी कहाणी वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षे रंगवली. आदिवासी समाजाने तिला वारंवार हरकत घेतली आहे. आपण तरी ती मुलांना सांगू नये.

आता श्रद्धेचा प्रश्न. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट केले की, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. त्याच वेळी ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही ती सोडीत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ नोव्हेंबर १९८६ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे तेथील मूळ रहिवाशांना त्यांची संस्कृती जपण्यास सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘केरिदा अमाझोनिया’ या प्रबोधनपत्रात लिहिले की, आदिवासींचे एखादे प्रतीक स्वीकारणे म्हणजे मूर्तिपूजाच, असे सरसकट मानू नये. दोन वर्षांनी, २५ जुलै २०२२ रोजी, त्यांनी कॅनडातील मॅस्क्वासिस येथे निवासी शाळांमधून मूलनिवासी संस्कृती नष्ट करण्यात ख्रिस्ती लोकांनी दिलेल्या सहकार्याबद्दल क्षमा मागितली. आपल्या शेजाऱ्याच्या सणाला ‘जंगली’ म्हणण्याची सवय अजून काही घरांत आहे. त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

तथापि आदराने उपस्थित राहणे वेगळे आणि उपासना करणे वेगळे. या बाबतीत संत पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १०, आजही पुरेसे मार्गदर्शक आहे. कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते निःशंक खावे. परंतु ‘हे अर्पण केलेले आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या व्यक्तीच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यानुसार आमचे मत असे : निमंत्रण स्वीकारावे, यजमानाच्या घरची भाकरी आनंदाने खावी, पहाटे अग्नी पेटताना शांत उभे राहावे. होळीला नैवेद्य वाहणे, नवस बोलणे, व्रतस्थांचा वेष हौसेने धारण करणे हे करू नये. ते आपल्या श्रद्धेला धरून नाही आणि त्यांच्या श्रद्धेचाही तो उपहास ठरतो. मनातल्या मनात आपल्या प्रभूची प्रार्थना करण्यास कोणाची आडकाठी नाही.

आणखी एक अडचण पंचांगाची. होळी बहुधा आपल्या प्रायश्चित्तकाळातच येते. २०२४ मध्ये तर होळीपौर्णिमा २४ मार्चला, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी आली आणि काठीची होळी पवित्र सप्ताहातील सोमवारी पहाटे पेटली. २०२७ मध्येही पुनरुत्थान रविवार २८ मार्चला असून होळी त्याच्या आधीच्या आठवड्यातच आहे. अशा वर्षी प्रवास आखताना पवित्र गुरुवारपूर्वी घरी परतता येईल याची खात्री करावी. मोहाची दारू पुढे केली जाईल. ‘आमचा उपवास चालू आहे’ एवढे सांगितले की आग्रह थांबतो, कारण उपवासाचा अर्थ तेथे समजावून सांगावा लागत नाही. मुले मात्र विचारतील की, राखेच्या बुधवारची राख आणि ही राख एकच का. साम्य जरूर दाखवावे, पण दोन्ही एकच असे सांगू नये. आपली राख पश्चात्तापाची व मर्त्यपणाची खूण आहे. त्यांच्या राखेचा अर्थ त्यांनाच विचारावा. पास्का जागरणाच्या रात्री आपणही अंधारात नवा अग्नी आशीर्वादित करतो, हे मुलांना आठवून दिल्यास त्या रात्रीकडे ती अधिक लक्ष देतील.

साताऱ्याहून वा सांगलीहून पुण्यामार्गे नंदुरबारला पोहोचण्यात एक पूर्ण दिवस जातो. अक्कलकुव्यापर्यंत हमरस्ता आहे, पुढे मोलगीचा घाट. मार्चमध्ये दिवसा ऊन कडक असले तरी डोंगरात पहाटे गारठा असतो. लहान मुलांसाठी शाल, पाणी व कोरडा खाऊ जवळ ठेवावा. मुलांना संध्याकाळीच झोपवून पहाटे चारच्या सुमारास उठवणे बरे, कारण रात्रभर जागलेले मूल ऐन वेळी झोपी जाते. व्रतस्थांना स्पर्श करू नये, त्यांच्या रिंगणात शिरू नये, विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. अलीकडे छायाचित्रकारांची गर्दी इतकी वाढली आहे की नाचणाऱ्यांनाच वाट काढावी लागते. ओळखीच्या कुटुंबाबरोबर गेल्यास पाहुणा म्हणून वागवले जाते आणि प्रश्न विचारता येतात.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही त्यांच्यापुढे हाच प्रश्न घराशेजारी उभा राहतो. माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीला, सकाळी अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर मातीच्या बोळक्यात दूध ऊतू घालून सूर्याची पूजा करण्याची रीत आपल्या गावांत आहे. ती आदिवासींची नव्हे, पण कसोटी तीच. शेजारणीने बोलावले तर जावे, उभे राहावे, पूजा तिची तिला करू द्यावी. नंतरच्या तिळगुळाला नकार देण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.