नळ जोडायला परवाना. पाणी शुद्ध करायला?

डिसेंबर 1955 मध्ये दिल्लीत काविळीचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. साथ ओसरेपर्यंत त्यांची संख्या एकोणतीस हजारांवर गेली होती. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. मूळ शोधता ते नोव्हेंबरात सापडले. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला, पातळी उतरली आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे वाहत वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले.

शुद्धीकरण केंद्रातील माणसे गाफील नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनची मात्राही वाढवली. विषमज्वर आणि आमांश यांची साथ आली नाही, म्हणजे जिवाणू मेले. विषाणू मात्र निसटला. सांडपाण्यातील अमोनियाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनते. ते मोजणीत क्लोरीन म्हणूनच दिसू शकते, पण विषाणूंवर फार मंद चालते. त्यात गढूळपणाचे कण विषाणूला कवच पुरवतात. ‘आणखी थोडे क्लोरीन टाका’ हा उपाय येथे अपुरा होता आणि तो का अपुरा, हे कळण्यासाठी रसायनशास्त्र यावे लागते. त्या साथीतील रक्तद्रवाचे जपून ठेवलेले नमुने 1980 मध्ये तपासले गेले, तेव्हा तो हेपॅटायटिस ‘ए’ नव्हता असे दिसले. आज ती हेपॅटायटिस ‘ई’ची साथ मानली जाते.

साथ ओसरली त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय विद्युत नियम, 1956 आले. त्यांनुसार विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचे. बाष्पक चालवणाऱ्याची पात्रता तर 1923च्या बाष्पक कायद्यापासूनच सरकारी देखरेखीखाली आली होती. पाण्याबाबत तसे झाले नाही. मला याचे कारण विलंबात दिसते. विजेचा झटका क्षणात बसतो, बाष्पक फुटला की सारे गाव ऐकते. काविळीला मात्र पाच-सहा आठवडे लागतात. तोवर ते पाणी वाहून गेलेले असते आणि पाळीवर कोण होते हे कोणाला आठवत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न लवकर उभा राहिला. 26 सप्टेंबर 1908 रोजी जर्सी सिटीला जाणाऱ्या बूंटन जलाशयाच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीनचे संयुग अखंडपणे मिसळण्यास प्रारंभ केला, तोही कोणाची परवानगी न घेता. वाद न्यायालयात गेला आणि पद्धत टिकली. एका माणसाच्या हातातील मात्रेवर सबंध शहराचे आरोग्य अवलंबून राहू लागले, तेव्हा तो माणूस कोण असावा हे ठरवणे भाग होते. दहा वर्षांनी, 1918 साली, न्यू जर्सी राज्याने पाणीपुरवठा चालकांसाठी परवाना सक्तीचा केला.

परवान्याचा कागद म्हणजे ज्ञान नव्हे, हे कॅनडातील वॉकर्टनने दाखवले. मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर गुरांचे शेण एका उथळ विहिरीत झिरपले. सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या गावात दोन हजार तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सात दगावले. यंत्रणा सांभाळणाऱ्या दोघा भावांकडे परवाने होते; ते केवळ अनुभवाच्या आधारे, परीक्षेविना मिळालेले. पुरेसे क्लोरीन न टाकता ते नोंदवहीत कल्पित आकडे लिहीत. दुष्टपणाने नव्हे, पाणी मुळातच चांगले आहे असा त्यांचा विश्वास होता आणि ते स्वतःही ते पीत असत. न्यायमूर्ती ओकॉनर यांच्या चौकशीनंतर ऑन्टॅरिओने जुन्या परवानाधारकांनाही परीक्षेला बसवले.

आपल्याकडे आज अनेक नगरपालिकांत घरचा नळ जोडायला परवानाधारक प्लंबर लागतो. शुद्धीकरण केंद्र चालवण्याचा ठेका मात्र प्रामुख्याने उलाढाल, पूर्वीची कामे आणि नोंदणीचा वर्ग पाहून दिला जातो. रात्रपाळीला क्लोरीनच्या सिलिंडरपाशी उभ्या असलेल्या कामगाराने एखादी परीक्षा दिलेली असावी, असे सांगणारा देशव्यापी कायदा नाही. कौशल्य अभ्यासक्रम आहेत, पण ते ऐच्छिक. पाणीपुरवठा हा राज्यांचा विषय असल्याने एखाद्या राज्याला न्यू जर्सीप्रमाणे आरंभ करायला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. परीक्षेत एक प्रश्न मात्र ठेवावा: अमोनिया वाढला असता मोजणीतील क्लोरीनवर किती विश्वास ठेवाल?